ऑस्ट्रेलियन ओपन नेमकी बघायची कशी? (मुलगी टेनिस शिकतेय, बाप क्रिकेटवाला)

कर्वेनगरचा_बाप

नमस्कार मंडळी,

मुलगी पाचवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत वेळ जावा म्हणून टेनिसच्या क्लासला घातलं. सुट्टी संपली, क्लास काही सुटला नाही. आता तिच्या सरांनी फर्मान काढलंय की जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपन बघायची, आणि रोज काय बघितलं ते येऊन सांगायचं. घरात टेनिसचा उजेड असा की माझं सगळं आयुष्य क्रिकेटमध्ये गेलं आणि बायकोला लिएंडर पेस माहीत आहे, तोही अटलांटाच्या ब्राँझपुरता.

मागच्या जानेवारीत एकदा हौसेने टीव्ही लावला होता. कुणीतरी मोठा खेळाडू कुणालातरी ६-१, ६-२ असं धुऊन काढत होता. अर्ध्या तासात पोर कॅरम घेऊन बसली. सामन्यांचं वेळापत्रक उघडलं तर एका दिवसात इतके सामने की बघूनच दमलो. ड्रॉचा, म्हणजे कोण कुणाशी खेळणार त्याचा, तक्ता तर मला रेल्वेच्या टाइमटेबलसारखा दिसतो.

तिची शाळा दुपारी बाराची. मी हिंजवडीत, आठवड्यातून तीन दिवस ऑफिस. तर वेळा काय असतात, कोणते सामने धरायचे आणि बघताना बघायचं काय? गुण कसे मोजतात ते तिला येतं, मला तीच शिकवते.

नारायणपेठ_एक्सप्रेस

कशाला एवढा उपद्व्याप? यूट्यूबवर प्रत्येक सामन्याचे हायलाइट्स येतात. रात्री जेवताना चार सामने उरकतात. मी तेच करतो.

बेसलाइनबाई

नारायणपेठ, तुमचं तुमच्यापाशी ठेवा. हायलाइट्समध्ये प्रत्येक गुण झकास फटक्यावर संपतो. ते बघून पोरीला वाटेल की टेनिस म्हणजे जोरात मारणं. खऱ्या सामन्यात कितीतरी गुण समोरच्याच्या चुकीवर मिळतात आणि ती चूक कशी घडवून आणली हेच तर बघायचं असतं. हायलाइट्सवाले नेमकं तेच कापतात.

आता कर्वेनगर. मी बँकेतून निवृत्त, गुडघे शाबूत होते तोवर खेळायचे, आता बघते. जानेवारीतले ते दोन आठवडे आमच्याकडे योगाला सुट्टी असते आणि मटार टीव्हीसमोर सोलले जातात. ह्यांना सवय झाली आहे.

आधी वेळा. मेलबर्न जानेवारीत आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे असतं. बाहेरच्या कोर्टांवर तिथे सकाळी ११ ला खेळ सुरू होतो, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला. मुख्य कोर्ट म्हणजे रॉड लेव्हर अरीना, तिथे अर्ध्या तासाने. रात्रीचं सत्र तिथल्या ७ ला, आपल्या दुपारी दीडला. शनिवारी बायकांची फायनल, रविवारी पुरुषांची, दोन्ही आपल्या दुपारी दोनला. दुपारी एक ते चारचा पुणेरी नियम तेवढे दोन दिवस मोडायचा. ग्रँड स्लॅम, म्हणजे टेनिसच्या सर्वांत मोठ्या स्पर्धा, एकूण चार, त्यात आपल्याला इतकी सोयीची दुसरी नाही. अमेरिकेतली बघायची तर जागरणं करावी लागतात. इथे उलटं आहे. २०२३ मध्ये अँडी मरे आणि कोकिनाकिस पावणेसहा तास खेळले, तिथे पहाटेचे ४ वाजून ५ मिनिटं झाली होती. आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते एवढंच.

तुमची लेक बाराला शाळेत जाते ना? मग पहाटे साडेपाच ते अकरा तिचं राज्य. थंडीत उठवणं तुमच्याकडे. प्रक्षेपण बरीच वर्षं सोनीवर आहे, पण हक्क बदलत असतात. आदल्या आठवड्यात खात्री करा आणि ॲप असेल तर तेच घ्या, कारण टीव्हीवर तेच लोक ठरवणार तुम्ही काय बघायचं, आणि ते दरवेळी पहिल्या पाचातलाच कुणीतरी दाखवणार. तुमची पोर कॅरमकडे वळली त्यात तिचा काही दोष नव्हता. पहिल्या फेरीत अव्वल खेळाडू बघणं हा वेळेचा अपव्यय आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी ड्रॉ बघा. स्पर्धा रविवारी सुरू होते, ड्रॉ त्याच्या आधीच्या गुरुवारी निघतो, म्हणजे संक्रांतीच्या आगेमागे. तो छापून आणा, मोठ्या कागदावर. तक्त्यात १२८ नावं असतात, त्यातली ३२ मानांकित, म्हणजे क्रमवारीवरून १ ते ३२ असा क्रमांक दिलेली. घाबरू नका, त्याचे सोळा-सोळाचे आठ तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्यात बरोब्बर चार मानांकित येतात: पहिल्या आठातला एक, ९ ते १६ मधला एक, १७ ते २४ मधला एक, २५ ते ३२ मधला एक. मांडणी अशी असते की तिसऱ्या फेरीच्या आधी मानांकित एकमेकांसमोर येऊच शकत नाहीत. तुकड्यातून शेवटी एक जण उरतो, तो उपांत्यपूर्व फेरीत जातो. सोळा जणी, पंधरा सामने, साधारण आठ-नऊ दिवस.

तिला यातला एक तुकडा निवडू द्या. एकच. बायकांच्या ड्रॉमधला घ्या, कारण तिथे तीन सेटचा सामना असतो आणि शाळेच्या आत संपायची शक्यता जास्त. पुरुष पाच सेट खेळतात, रेंगाळले तर पोरीचा डबा राहील. तुकडा निवडला की त्यातली एक बिनमानांकित खेळाडू तिने ‘आपली’ म्हणायची. नावाच्या पुढे क्यू असेल तर उत्तम. क्यू म्हणजे पात्रता फेरीतून आलेली. आदल्या आठवड्यात तीन सामने जिंकून आलेली असते ती, अंग गरम असतं, आणि पहिल्या फेरीत तिच्यासमोर कुणी मोठी आली की त्या मोठीला घाम फुटतो. आपला सुमित नागल २०२४ मध्ये असाच पात्रता खेळून आला होता आणि पहिल्याच सामन्यात ३१ वा मानांकित बुब्लिक सरळ तीन सेटमध्ये गारद. ग्रँड स्लॅममध्ये एकेरीत भारतीयाने मानांकिताला हरवलं ते १९८९ नंतर पहिल्यांदा. तेव्हा रमेश कृष्णनने विलँडरला हरवलं होतं, याच स्पर्धेत, आणि विलँडर तेव्हा जगात पहिला होता.

‘आपली’ हरली की काय? जिने हरवलं ती आता आपली. असं करत करत पोरगी दुसऱ्या आठवड्यात पोचते आणि तोवर तिला प्रत्येकीचा बॅकहँड पाठ झालेला असतो.

हे नुसतं गमतीचं नाही. २०२५ ला मॅडिसन कीज १९ वी मानांकित होती. तक्ता समोर असता तर तिची वाट गुरुवारीच दिसली असती. तिसऱ्या फेरीत दहावी मानांकित कॉलिन्स, चौथीत सहावी रिबाकिना. तिथून पुढे स्वितोलिना, मग उपांत्य फेरीत श्वियॉनटेक, फायनलला पहिली मानांकित साबालेंका. हे सगळे डोंगर ती चढली. श्वियॉनटेकविरुद्ध तर एक मॅच पॉइंट वाचवून (तो गुण गेला असता तर सामनाच गेला असता), तिसरा सेट टायब्रेकमध्ये, म्हणजे ६-६ नंतरच्या निर्णायक गेममध्ये, १०-८. आपल्याकडे दिवेलागणीची वेळ होती, मी तुळशीपाशी जायचं सोडून टीव्हीसमोर उभी होते. ज्याने थेट फायनल लावली त्याला ती फक्त एक चांगली फायनल वाटली असेल.

आता बघायचं काय. सरांना खूश करायचं असेल तर तिला सांगा, चेंडू बघू नकोस, पाय बघ. समोरची चेंडू मारायच्या क्षणी ही जागच्या जागी छोटी उडी घेते, तिला स्प्लिट स्टेप म्हणतात. दमली की पहिली ती उडी जाते, फटके नंतर बिघडतात. एक अख्खा सेट फक्त पायांकडे बघायचं, एका वेळी एकाच खेळाडूच्या. जाळ्याच्या पलीकडची काय करते ते बघायचंच नाही. कॅमेरा मागून असतो, म्हणून खालच्या बाजूला जी असेल ती घ्यायची. विषम गेमनंतर बाजू बदलतात, तेव्हा दुसरी.

दुसरं, ०-३० आणि ३०-३० ला, म्हणजे गेम अटीतटीचा असताना, कान टवकारायचे. ४०-० ला चहा टाकून आलात तरी चालेल. दुसरी सर्व्हिस (पहिली चुकली की मिळते ती) पडताना रिसीव्ह करणारी पुढे सरकते का, मागे राहते का, हे बघितलं तर तिच्या मनात काय आहे ते कळतं.

बाकी बारीकसारीक नियम आपोआप येतील.

दुहेरीवाला

बाईंच्या प्रतिसादाला +१, पण दुहेरी विसरल्या! मुलगी क्लासला जाते म्हणजे तिथे कोर्ट कमी आणि पोरं जास्त असणार. खेळणार ती दुहेरीच. मग बघायला एकेरीच का?

आपल्या लोकांनी मेलबर्न गाजवलंय ते दुहेरीतच. २००९ ला सानिया आणि भूपती मिश्र दुहेरीत जिंकले, २०१६ ला सानिया हिंगिसबरोबर महिला दुहेरीत. २०२४ ला रोहन बोपण्णा, वय ४३, एब्डनबरोबर पुरुष दुहेरी जिंकला आणि त्याच स्पर्धेत जगात पहिल्या क्रमांकावर जाणार हे पक्कं झालं. एवढ्या वयात कुणीच पहिला झाला नव्हता. हे सामने बघा, गुण छोटे असतात, आणि सर्व्हिस करणाऱ्याचा जोडीदार पाठीमागे बोटांनी खुणा करतो त्या पोरांना फार आवडतात. माझा मुलगा महिनाभर घरात त्याच खुणा करत होता.

आणि टीव्हीवरून वेग कळत नाही हो. बालेवाडीला टाटा ओपन होती ना, २०१८ ते २०२३, तेव्हा मी २०१९ ची फायनल बघायला गेलो होतो. केव्हिन अँडरसन आणि इव्हो कार्लोविच, दोघेही सहा फूट आठ इंच किंवा त्याहून उंच, तीनही सेट टायब्रेकला. अँडरसन जिंकला. कार्लोविचची सर्व्हिस कुठे पडली ते आमच्या स्टँडमध्ये कुणालाच दिसत नव्हतं, फक्त मागच्या पडद्यावर धप्प आवाज. ती स्पर्धा गेली त्याची हळहळ आहेच, पण अलीकडे बालेवाडीला फेब्रुवारीत पुरुषांची चॅलेंजर होते आणि डेक्कन जिमखान्यावर बायकांची आयटीएफ, दोन्ही खालच्या पायरीच्या स्पर्धा. मेलबर्नची पात्रता फेरी खेळणारे लोक याच पायरीवरून वर जातात. मुलीला घेऊन जाच.

नारायणपेठ_एक्सप्रेस

आयटीएफला गर्दी नसते, पहिल्या रांगेत बसायला मिळतं, हे मात्र खरं. हायलाइट्सबद्दल माझं मत कायम.

कर्वेनगरचा_बाप

बाई, दुहेरीवाले, धन्यवाद. तक्ता छापायचं ठरलं. लेक म्हणते तुकडा तीच निवडणार आणि मला वेगळा घ्यायला लावणार, म्हणजे भांडता येईल.

दोन शंका. एक, एकच खेळाडू परवा अफाट खेळते आणि आज पार ढेपाळते, असं का होतं? दोन, सामना ‘अमुक वाजता’ असं लिहिलेलंच नसतं. पहाटे उठवून बसवायचं आणि सामना दहाला सुरू झाला तर घरात माझी धडगत नाही.

बेसलाइनबाई

दुसरी आधी. दुसऱ्या दिवसाचं वेळापत्रक आदल्या दिवशी येतं. त्यात प्रत्येक कोर्टचा फक्त पहिला सामना वेळेवर, पुढचे ‘त्यानंतर’. म्हणून शक्यतो कोर्टवरचा पहिला सामना धरायचा. तिसऱ्या क्रमांकावर असेल तर पहाटे उठवूच नका. आधी पुरुषांचा सामना लागला असेल तर त्याचे पाच सेट धरून चाला. ‘याच्या आधी नाही’ अशी वेळ एखाद्या सामन्यापुढे असते, ती मात्र भरवशाची, त्याआधी सुरू होत नाही.

आता ढेपाळण्याचं. कोर्ट, वेळ आणि हवा बघत जा. मेलबर्नचं ऊन म्हणजे आपला एप्रिल परवडला. उन्हात चेंडू उडतो, झटकन येतो, सपाट मारणारीचं फावतं. रात्री हवा गार झाली की तोच चेंडू जड होतो, रॅली लांबते, धावणारीचं राज्य येतं. परवा तुमची खेळाडू भर दुपारी खेळली असेल आणि आज रात्री. फार ऊन झालं तर खेळ थांबवतातही. २०१९ पासून त्यांनी उष्णतेची एक ते पाच अशी मोजपट्टी ठेवली आहे, पाचवर गेलं की बाहेरची कोर्टं बंद. तीन मोठ्या अरीनांना छप्पर आहे, तिथे ते ओढून खेळ चालू राहतो. पावसाचंही तेच. तुमची बाहेरच्या कोर्टवरची पोरगी तासन् तास बसून राहते, आणि तिच्या पुढच्या फेरीतली प्रतिस्पर्धी छपराखाली जिंकून हॉटेलवर गेलेली असते. तक्त्यात हे दिसत नाही, म्हणून समासात लिहायचं. माझ्या तक्त्यावर नावांपेक्षा समासातच जास्त लिहिलेलं असतं.

नवे चेंडूही बघायला सांगा. पहिल्या सात गेमनंतर आणि मग दर नऊ गेमला बदलतात. सर्व्हिस करणारी चेंडू वर धरून समोरचीला दाखवते. त्या गेममध्ये सर्व्हिस जोरात जाते. लेकीने हे सरांना सांगितलं तर सर पुढच्या आठवड्यात तुम्हालाच फोन करतील.

तुमचा तुकडा कोणता ते ड्रॉ निघाल्यावर इथेच टाका. मी सहसा तळाचा घेते, दुसऱ्या मानांकितेचा. तो घेऊ नका.

कर्वेनगरचा_बाप

लेकीला आत्ताच विचारलं. ती म्हणते तळाचाच हवा.