कापडाचं घर आणि मोरीचा नळ

'कापडाची खोली शिवून छताला टांगली, यात कला ती काय?' असं कुणी विचारलं, तर प्रश्न रास्त आहे. दो हो सुह या कोरियन कलाकाराच्या अशा कामांचे फोटो पाहून मीही आधी 'मच्छरदाणी' म्हणून हसलो होतो. पण सोलमधलं लहानपणचं घर त्याने 1999मध्ये झिरझिरीत रेशमात शिवलं, ते घडी घालून बरोबर नेता यावं म्हणून. पुढच्या कामांत तर स्विच, दाराच्या मुठीसुद्धा शिवलेल्या.

यावरून आमची लालबागची खोली आठवली. चाळ पाडायच्या आधी, शेवटच्या दिवशी वडील टेप घेऊन मापं काढत बसले. दहा बाय बारा. चाळीस वर्षं राहून पाठ असलेली, तरी. आईने मोरीचा पितळी नळ पान्याने काढून घेतला. तो आता तेविसाव्या मजल्यावर लोणच्याच्या बरणीमागे पडून आहे. टाकू का विचारलं तर म्हणते, "असू दे, तुझं काय खातोय?"

ब्रिटिश शिल्पकार रेचल व्हाइटरीडचं 'हाउस' मात्र मला जास्त भिडतं. 1993, पूर्व लंडन. पाडायला निघालेल्या घराच्या भिंतींवर आतून काँक्रीट फवारलं, मग बाहेरच्या भिंती काढल्या. उरली ती आतली पोकळी, दगड झालेली. जानेवारी 1994मध्ये तेही पाडलं. (पुनर्विकास तिकडेही सुटत नाही!) आमच्या खोलीचा असा ठसा घेतला असता तर देवाचा कोनाडा बाहेर आलेला दिसला असता, आणि मोरीचा कठडा नुसती खाच.