दिल्लीच्या अटी, मुंबईचा चेक आणि आपली महापालिका

बाळीवेसकर:
काल जुळे सोलापूरच्या एका सदस्याने लिहिलं, "महापालिकेच्या हातात मोकळा पैसा देऊच नये. केंद्राने प्रत्येक रुपयाला अट घालावी, हिशेब नाही तर निधी नाही." खाली लाइकांचा पाऊस. वाचून डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

अट नसलेला रुपया आहे कुठे? 2011 च्या जनगणनेत आपण सोलापूरकर साडेनऊ लाखांचे, म्हणजे केंद्राच्या पैशाची वाटणी सुचवणाऱ्या 15 व्या वित्त आयोगाच्या (2021-26) हिशेबात दहा लाखांच्या आतल्या गटात. या गटाला मिळालेल्या निधीतले 60 टक्के ठरावीक कामांना बांधलेले: निम्मे पाण्याला, निम्मे स्वच्छतेला आणि कचऱ्याला. उरलेल्या 40 टक्क्यांतून पगार द्यायचा नव्हता. आमच्या गल्लीच्या टोकाला नाल्याची भिंत पावसात बसली. शाळेची पोरं तिथूनच जातात. महापालिकेच्या झोन ऑफिसला गेलो तर इंजिनिअर म्हणतो, "काका, कचऱ्याच्या हेडला पैसे आहेत, भिंतीला नाहीत." सहा महिने तिथे बांबू आणि फाटकी रिबीन.

केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेचंही तेच. 2016 ला पहिल्या वीस शहरांत आपलं नाव आलं. केंद्राचे पाचशे कोटी मंजूर, पण पैसा त्यासाठी काढलेल्या वेगळ्या कंपनीच्या खात्यात. कोणता रस्ता उकरायचा हे कंपनीच्या संचालकांनी ठरवायचं आणि धूळ आम्ही खायची. 1930 साली इंग्रजांच्या नाकावर टिच्चून तिरंगा फडकवणारी नगरपालिका आपली. तिला आज भिंत बांधायला दिल्लीच्या हेडची वाट बघावी लागते, याची लाज वाटायला हवी.

जुळे_सोलापूरवाला:
तो मीच. आणि शब्द मागे घेणार नाही. 1930 चा तिरंगा मधे आणू नका, तेव्हाची माणसं वेगळी होती.

मी सवलतीच्या मुदतीत घरपट्टी भरतो. शेजारच्या प्लॉटवर खाली चार गाळे, वर दोन मजले, आणि आकारणी अजून मोकळ्या जागेची. तीन अर्ज दिले, कोणी फिरकलं नाही. वित्त आयोगाने मागितलं काय? हिशेब ऑनलाइन टाका, घरपट्टीचे किमान दर जाहीर करा, वसुली राज्याच्या सकल उत्पादनाच्या वेगाने वाढवा. यात कुठला अन्याय? कान धरल्याशिवाय हे लोक हलत नाहीत.

साखरपेठी:
दोघंही मुळाला हात घालत नाही. शहरात येणाऱ्या मालावर नाक्यावर जकात घ्यायचो, तेव्हा महापालिका कोणाच्या दारात उभी नव्हती. मी जकात खात्यात नोकरी केली. हैदराबाद रोडच्या नाक्यावर रात्रपाळीला बसायचो. सकाळी रोकड मोजून बँकेत, आणि पगार एक तारखेला. मग नाका काढून व्यापाऱ्याने स्वतः भरायचा एलबीटी (स्थानिक संस्था कर) आणला. ऑगस्ट 2015 ला पन्नास कोटींच्या आतल्या उलाढालीला तोही माफ. 2017 ला जीएसटी आला आणि उरलंसुरलं गेलं. स्वतःचं उत्पन्न काढून घेतलं की अटी आपोआप येतात.

अक्कलकोट_रोड_माग:
जकातीचं गुणगान माझ्यासमोर करू नका. आमचे टॉवेलचे माग. सुताच्या गाठींचा ट्रक संध्याकाळी नाक्यावर यायचा आणि कागदात खोट काढून रात्रभर उभा ठेवायचे. सकाळी कामगार कारखान्याच्या दारात, मागावरचे सुताचे बीम रिकामे. वडील स्वतः जाऊन हात जोडायचे. पावतीची रक्कम वेगळी, वर द्यायची वेगळी. त्या रोकडीतली किती बँकेत गेली ते तुम्हालाच माहीत.

साखरपेठी:
तोंड सांभाळून बोला. सगळ्यांना एका मापाने मोजू नका. माझ्या पाळीत एका रुपयाचा फरक निघाला नाही. आणि बिलावर अर्धीच किंमत दाखवून माल आत आणणारे कोण होते, तेही सांगा की ओ. आम्ही गाठ सोडून बघितली की चोर ठरायचो.

अक्कलकोट_रोड_माग:
दर परवडला असता तर कोणी अर्धी किंमत दाखवली असती? शेजारच्या राज्यातला माल स्वस्त पडायचा, म्हणून माग भंगारात गेले. माझ्या काकांनी बारा माग किलोवर विकले. तुमचा पगार एक तारखेला झाला तो त्यातून.

साखरपेठी:
काकांचं ऐकून वाईट वाटलं. पण माग एकट्या जकातीने बंद पडले नाहीत. जकात जाऊन इतकी वर्षं झाली, किती माग परत सुरू झाले ते सांगा.

शेळगीची_वैशाली:
दादा, तुमची जकात संपली असेल तर पाण्यावर बोलू का? आमच्याकडे चार-पाच दिवसांनी पाणी येतं, कधी रात्री दोनला. सासूबाई सत्तरीच्या, त्याही उठून हंडे लावतात. उजनी शंभरेक किलोमीटरवर, धरण भरलेलं असतानाही आमचे पिंप रिकामे. उजनीहून येणाऱ्या दुसऱ्या, समांतर जलवाहिनीला स्मार्ट सिटीचे आणि एनटीपीसी या वीज कंपनीचे पैसे लागले. महापालिकेच्या भरवशावर ती झाली नसती. बाळीवेसकर काका, बांधलेल्या निधीतला पाण्याचा हिस्सा सोडला तर तो कमानी आणि चौक सुशोभीकरणात जाईल. तो बांधलेलाच राहू द्या.

बाळीवेसकर:
ताई, पाण्याचा हिस्सा राहू दे, त्यावर भांडत नाही. पण गल्लीतल्या वितरणाच्या जुन्या लाइन बदलल्याशिवाय मोठ्या जलवाहिनीचं पाणी तुमच्या हंड्यात येणार नाही. कुठली लाइन आधी बदलायची हे शेळगीच्या माणसाने सांगायला नको का?

पार्क_चौक:
सगळे दिल्लीच्या नावाने भांडताय. जकात-एलबीटी गेल्याबद्दल येणारं अनुदान राज्याच्या 2017 च्या कायद्याने येतं, 2016-17 चं उत्पन्न धरून दरवर्षी 8 टक्के वाढीने. चेक मुंबईहून निघतो. आयुक्त राज्य नेमतं. 74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत पालिकांची 18 कामं लिहिली, पण ती आणि त्यांचे पैसे द्यायचे की नाही हे राज्याच्या मर्जीवर सोडलं. आणि मार्च 2022 ला मुदत संपल्यावर जवळजवळ चार वर्षं निवडून आलेलं सभागृह नव्हतं. प्रशासकाने बजेट मांडलं, प्रशासकानेच मंजूर केलं. तेव्हा भिंतीबद्दल विचारायला तुमच्याकडे नगरसेवक तरी होता का?

जुळे_सोलापूरवाला:
राज्याचा मुद्दा नाइलाजाने मान्य. निवडून आलेली बॉडी नसेल तर वित्त आयोगाचा निधी अडतो, ही अटसुद्धा दिल्लीचीच, आणि ती आपल्या बाजूची. म्हणून अटी नकोत हे पटत नाही.

बाळीवेसकर:
हिशेब मागणारी अट मलाही हवी. ऑडिट करा, ऑनलाइन टाका, चोर असेल त्याला आत घाला. पण कचऱ्याची गाडी घ्यायची की भिंत बांधायची, हे इथल्या सभागृहात ठरलं पाहिजे. आणि तुमच्या शेजारच्या चार गाळ्यांची घरपट्टी लागली तर ती भिंत कोणाला न विचारता उभी राहील. अर्जाची पोच असेल तर द्या, मी झोनला तुमच्याबरोबर येतो.

अक्कलकोट_रोड_माग:
घरपट्टी वसूल करा, गाळे शोधा, माझा पाठिंबा. जकात परत आणायची भाषा कोणी केली तर मात्र मी इथेच आहे.