नर्व्हला मराठीत काय लिहायचं? स्नायू तर नक्कीच नाही ना?

धंतोलीचा_पोपट
मंडळी, जरा अडकलोय. शुगरच्या पेशंटसाठी एक पत्रक मराठीत करून राहिलो, मूळ हिंदीतलं आहे. त्यात जागोजागी ‘स्नायु तंत्र’, ‘स्नायु क्षति’. माझ्याआधी कोणीतरी याचं मराठी करून ठेवलंय त्यात सरळ ‘स्नायूंचे नुकसान’. आता मराठी माणूस स्नायू म्हटलं की दंड फुगवून दाखवतो, अन् इथे गोष्ट चाललीय नर्व्हची, म्हणजे मेंदूला निरोप कळवणाऱ्या धाग्यांची: तळपायाची आग होते, मुंग्या येतात, पायातली चप्पल निघून गेली तरी कळत नाही, त्याची. माझ्यासमोर तीन शब्द आहेत: नस, मज्जातंतू, चेतातंतू. वाचणारे बहुतेक साठीच्या पुढचे, काटोल-उमरेडकडून येणारे. कोणता घेऊ?

इतवारीची_काकू
नस लिही रे बाबा, मोकळा हो. आमच्या सासूबाई ‘पायाची नस मेली’ म्हणायच्या, घरातल्या पोट्ट्यांनाही समजायचं.

फिजिओ_मनीषनगर
काकू, तिथेच तर घोळ आहे. सुई टोचतात ती नस, कापली तर रक्त येतं ती नस, अन् कमरेत दबते तीही नस. मी रोज सायटिकाच्या (कमरेतून पायात कळ जाते त्या) पेशंटला सांगते की नस दबलीय, की तो विचारतो मॅडम मग रक्त पातळ करायची गोळी घेऊ का. त्याची काय चूक, आपणच दोन वेगळ्या गोष्टींना एक नाव दिलंय. ‘शीर’ची तीच गत.

मास्तर_निवृत्त
चेतातंतू. शाळेच्या पुस्तकात चेतापेशी, चेतासंस्था, मेरुरज्जू (पाठीच्या कण्यातला दोर) हेच शब्द आहेत, मुलं शिकतात, परीक्षेत लिहितात. घडवलेला शब्द वापरलाच नाही तर तो रुळणार कधी?

वऱ्हाडी_गडी
गुरुजी, चेतातंतू वाचून माहा बाप म्हणन का हा कोन्या चेतनच्या दुकानातला दोरा व्हय. शाळेतले शब्द शाळेतच राह्यले ना राजेहो, दहावीचा पेपर झाला का संपले.

तिरपट
पोपटभाऊ, तुमचा हिंदीवाला चुकला नाही बरं का. हिंदीत अन् बंगालीत स्नायू म्हणजे नर्व्हच. मराठीनंच तो मसलकडे ओढला. अन् संस्कृतात मुळात दोन्ही नाही, स्नायू म्हणजे बांधणारी दोरी, हाडाला हाड धरून ठेवणारी. सुश्रुतसंहितेत शरीराची मोजदाद आहे: स्नायू 900, सिरा 700, पेशी 500. बघा, मांसाला तिथे ‘पेशी’ म्हटलंय, हिंदीत अजूनही मांसपेशी चालतं, आपण मात्र पेशी म्हणजे सेल करून बसलो. म्हणजे हिंदीतून मराठी करणाऱ्याला एकाच पानावर दोन खड्डे.
आणि खरी गंमत पुढे आहे. ग्रीक ‘न्यूरॉन’चा जुना अर्थही तोच, कंडरा (मांस हाडाला बांधणारी दोरी), धनुष्याची दोरी. लॅटिन ‘नर्व्हस’ही तसाच. अन् संस्कृत स्नायू, ग्रीक न्यूरॉन, लॅटिन नर्व्हस हे तिघं सख्खे भाऊ, एकाच मूळ धातूचे. जुन्या लोकांना शरीर उघडल्यावर पांढरी चिवट दोरी दिसायची, कोणती ओढते अन् कोणती कळवते हे डोळ्यांनी कसं कळणार? अलेक्झांड्रियाच्या हीरोफिलस नावाच्या वैद्यानं ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात दोन्ही वेगळ्या काढून दाखवल्या, नाव मात्र दोरीचंच राहिलं. तेव्हा माझं मत, स्नायू परत नर्व्हला द्यावा.

इतवारीची_काकू
अन् मसलला मग काय म्हणायचं?

तिरपट
मांसपेशी.

मास्तर_निवृत्त
ही हिंदीची घुसखोरी झाली. नागपुरात राहून आपण ‘करून राहिलो’ म्हणतो तेवढं पुरे आहे.

धंतोलीचा_पोपट
गुरुजी तो टोमणा मला होता का 😄 असो. मज्जातंतूबद्दल कोणी बोलेल का?

रेशीमबाग_रसिक
मज्जातंतू तर सरळ चूक आहे. सप्तधातू आठवा, रस रक्त मांस मेद अस्थि मज्जा शुक्र. मज्जा म्हणजे हाडातला गर. नर्व्हचा अन् त्याचा काय संबंध? माझ्या भाच्याला बोन मॅरोची तपासणी सांगितली, कागदावर ‘अस्थिमज्जा’, तर घरचे महिनाभर मेंदूचा आजार समजून रडत बसले होते.

तिरपट
चूक असेल तर सगळ्या जगाची आहे हो. लॅटिनमध्ये मेडुला म्हणजे हाडातला गरच, अन् पाठीच्या दोरालाही मेडुला. ग्रीक ‘मायेलॉस’ तसाच. मणक्याच्या पोकळीत मऊ पांढरं काहीतरी भरलेलं दिसलं, नळीच्या हाडात गर असतो तसं, लोकांनी एकच नाव दिलं. तंतूवरच्या चरबीच्या वेष्टनाला व्हिर्चो या जर्मन डॉक्टरनं 1854 मध्ये मायलिन नाव दिलं, तेही त्याच मायेलॉसवरून. आता तुम्ही एकटे मज्जातंतूला कोर्टात खेचणार का?

फिजिओ_मनीषनगर
मला शब्दापेक्षा एक वाक्य पत्रकात पाहिजे, शुगरमधल्या बधिरपणाची सुरुवात पायापासूनच का होते ते. पाठीचा दोर कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, खाली नुसता धाग्यांचा जुडगा उतरतो. अंगठ्याची जाणीव वर नेणारी पेशी कमरेच्या मणक्यालगत बसलेली असते अन् तिचा एकच धागा पार अंगठ्यापर्यंत जातो, मोठ्या माणसात जवळपास मीटरभर. एवढ्या लांब धाग्याला टोकापर्यंत पोसायचं तर पेशीची दमछाक होते, साखर वाढली की सगळ्यात लांबचे धागे आधी जातात. म्हणून मोजे घातल्यासारखा तळवा बधिर, हातांची पाळी नंतर. हे समजलं की पेशंट मालिश करणाऱ्याकडे जाण्याऐवजी रोज तळवा बघायला लागतो. शब्द मग कोणताही घ्या, ‘जाणिवेची नस’ घ्या पाहिजे तर.

मास्तर_निवृत्त
जाणिवेची नस!! मग स्नायू हलवणारी ती ‘हालचालीची नस’, अन् घाम, पचन, हृदयाचे ठोके बघणारी? ‘आपोआपची नस’? ताई, संवेदी, प्रेरक, स्वायत्त असे नेमके शब्द तयार आहेत.

फिजिओ_मनीषनगर
‘आपोआपची’ खरंच छान आहे, मी उद्यापासून वापरणार.

वऱ्हाडी_गडी
मास्तर, त्या हिशेबानं तुमी लहान मेंदूले अनुमस्तिष्कच म्हणत असान घरी.

मास्तर_निवृत्त
म्हणतो. ‘लहान मेंदू’ म्हटलं की पोरं हसतात, कमी अकलेचा समजतात.

तिरपट
अन् मजा अशी की माणसाच्या मेंदूतल्या साधारण 8600 कोटी चेतापेशींपैकी 6900 कोटींच्या आसपास त्या लहान मेंदूतच आहेत. वजनानं दहावा हिस्सा, पेशींची गर्दी तिथेच. लहान कसला?

रेशीमबाग_रसिक
पण अक्कल मोठ्यातच ना. लहान मेंदूचं काम तोल सांभाळणं, म्हणून दारू प्यायली की माणसाचा आधी तोल जातो.

फिजिओ_मनीषनगर
नुसता तोल नाही, हालचालीची वेळ अन् माप जुळवणं. घास नाकात न जाता तोंडात जातो तो त्याच्यामुळे.

धंतोलीचा_पोपट
लोकहो, छापखान्यावाल्याचा फोन येऊन गेला. नस की चेतातंतू? नाहीतर ‘नस (चेतातंतू)’ असं दोन्ही टाकू का?

इतवारीची_काकू
त्या पत्रकात ‘नसेवर नस चढली’ येतं का? मला रोज पहाटे चढते, पोटरीत.

फिजिओ_मनीषनगर
काकू नसेवर नस चढत नसते कधीच, तो स्नायूच आकसून राहतो. पाय ताठ करा, पंजा स्वतःकडे ओढा, सुटतो. रोजच होत असेल तर एकदा डॉक्टरला दाखवा.

रेशीमबाग_रसिक
त्याला पेटका म्हणतात.

इतवारीची_काकू
आमच्याकडे वांब.

वऱ्हाडी_गडी
नाही हो काकू, वांब पायाच्या बोटाईत येते, पोटरीत येते तो गोळा. दोन्ही अलग हायेत.

मास्तर_निवृत्त
अलग नाही, एकच. कोणत्याही शब्दकोशात बघून घ्या.

वऱ्हाडी_गडी
कोश लिवणाऱ्याले कधी गोळा आला व्हता का पण?