मदत हवी आहे: ऑनलाइन काव्यकट्ट्यात एका कवीचा आवाज मध्येच गायब होतो (शनिवारच्या आत सांगा)

शब्दवेडी
नागपूरच्या कवींसाठी आम्ही महिन्यातून एकदा ऑनलाइन ओपन माइक घेतो. मागच्या दोन्ही वेळी एका काकांचा आवाज मध्येच गेला. ओळ सुरू होते, मग नुसते ओठ हलताना दिसतात, मग एकदम शेवटचा शब्द ऐकू येतो. सगळं करून पाहिलं. शनिवारी परत कार्यक्रम आहे, काका आता "मी नाही येत" म्हणतात. काय करू?

बर्डीकर
कोणतं ॲप? फोन की लॅपटॉप? "सगळं" म्हणजे नेमकं काय काय केलं?

तर्रीपोहे
नेट आहे ते, दुसरं काही नाही. आमच्याकडे राउटर बदलला अन् सगळं बंद झालं. फायबर घ्यायला सांगा.

शब्दवेडी
नेट नाही हो, चित्र कुठेच अडकत नाही. झूम आहे. काका कामठीला, मुलाच्या फोनवरून येतात. बाकी १३ जण नीट ऐकू येतात.

गझलवाला
म्हणजे १४ कवी. प्रत्येकी ५ मिनिटं धरली तरी ७० मिनिटं झाली. फुकटचं खातं ४० मिनिटांत बंद पडतं, ते आधी पाहा. आणि मतला, म्हणजे गझलेचा पहिला शेर, म्हणून झाल्यावर दाद द्यायला जागा ठेवा, लोक सरळ पुढच्या शेरावर जातात.

शब्दवेडी
खातं पैसे भरून घेतलेलं आहे. वेळेचा प्रश्नच नाही, आवाजाचा आहे!

रेशीमबाग
ऑनलाइन कायले करता बाप्पा? एखाद्याच्या गच्चीवर सतरंजी टाका, चहा ठेवा. कवितेले समोर माणूस लागते. म्यूट काढून "वाहवा" म्हणेपर्यंत ओळ निघून जाते.

दूरची
@रेशीमबाग, माझी आई गडचिरोलीहून म्हणते कविता. गुडघे दुखतात तिचे, रात्रीच्या एसटीनं कशी येईल? ऑनलाइन आहे म्हणून तर साठीनंतर पहिल्यांदा चार लोकांनी ऐकली तिची कविता.

रेशीमबाग
आईले नमस्कार सांगा. तरी समोरासमोरचं ते समोरासमोरचं, हे मी सोडत नाही.

बर्डीकर
मूळ प्रश्नाकडे या. काका कविता वाचतात की गातात? सोबत काही वाजवतात का?

शब्दवेडी
अरे हो, खंजिरी वाजवतात. तुकडोजी महाराजांची भजनं ऐकत मोठे झालेत, खंजिरीशिवाय ओळच सुचत नाही त्यांना. बोटं कातड्यावर पडताना दिसतात, झांजा थरथरताना दिसतात, अन् आवाज काहीच नाही.

बर्डीकर
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. ॲप बोलणं तेवढं ठेवतं आणि बाकीचं गोंगाट समजून दाबतं. कुकरची शिटी काय अन् खंजिरी काय, त्याला सारखीच. खंजिरी आणि शब्द एकत्र आले की शब्दही सोबत जातात. काकांच्या फोनवर झूमच्या सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू करा. मग मीटिंगमध्ये आल्यावर तिथलं बटणही दाबायचं, नुसतं सेटिंग पुरत नाही. तुमच्याकडून होणार नाही, त्यांच्याच फोनवर करावं लागेल.

तर्रीपोहे
त्यापेक्षा चांगला कॉलर माइक घ्या ना.

बर्डीकर
माइक कितीही भारी घेतला तरी दाबणारं ॲप त्याच्या पुढेच बसलंय. आधी सेटिंग.

शब्दवेडी
आत्ताच काकांच्या मुलासोबत करून पाहिलं. खंजिरी आली! झांजांची किणकिणसुद्धा! पण मागे कूलर असा घोंगावतोय की शब्द परत बुडतात.

बर्डीकर
दाबणं बंद केलं की कूलरही येणारच. तेवढी ५ मिनिटं बंद ठेवा.

दूरची
मे महिन्यात, म्हाताऱ्या माणसाचा कूलर? रात्री नऊलाही भिंती तापलेल्या असतात. जपून. त्यांचा नंबर पहिला लावा, बंद कूलरमध्ये वाट पाहत बसायला लावू नका.

शब्दवेडी
पहिलाच लावते. कूलर आतल्या खोलीत आहे, मुलगा म्हणाला काकांची कविता होईपर्यंत दार लावून घेतो. काकू हातपंखा घेऊन बाजूला बसणार आहेत. काका "बघू" म्हणालेत, म्हणजे येतील. @बर्डीकर, खूप आभार. शनिवारी ऐकायला या.

गझलवाला
नावं कुठे द्यायची? बाहेरगावचे चालतात का? मी मूळचा नागपूरच्या महाल भागातला, आता पुण्यात असतो.