एचडीआर चालू असताना जुन्या साध्या व्हिडिओसाठी ब्राइटनेस किती ठेवावा?

जुनीटेप
आमच्या शाळेतल्या नाटकाची टेप गेल्या महिन्यात संगणकावर उतरवून घेतली. काळा पडदा, मधोमध एक दिवा आणि पांढऱ्या सदऱ्यातला माझा धाकटा भाऊ. त्याच्या लहानपणाचं आमच्याकडे एवढंच चित्रण आहे, म्हणून ते नीट दिसावं असं फार वाटतं.

नवा एचडीआर (जास्त उजेड आणि जास्त छटा दाखवणारा) मॉनिटर घेतलाय, संगणकावर विंडोज ११ आहे. एचडीआर चालू केलं की सदरा डोळ्यांत खुपतो आणि मागचा काळा पडदा राखाडी होतो. मॉनिटरचं ब्राइटनेसचं बटण एचडीआरमध्ये चालतच नाही. सेटिंग्जमध्ये 'एसडीआर कंटेंट ब्राइटनेस' नावाचा स्लायडर आहे (एसडीआर म्हणजे साधं, एचडीआर नसलेलं चित्र). त्यावर ० ते १०० आकडे आहेत, पण ते कशाचे हे कुठेच लिहिलेलं नाही. माझा ५५ वर आहे आणि रोज रात्री तो पुढेमागे करत बसते. नेमका कुठे ठेवायचा?

निशाचर
विंडोज, आल्ट आणि बी एकत्र दाबा, एचडीआर बंद होईल. नाटक बघून झालं की तीच बटणं पुन्हा दाबा. मी तरी एचडीआर फक्त एचडीआर सिनेमापुरतंच चालू करतो.

रंगजुळणी
निशाचर म्हणतात तो मार्ग चांगलाच आहे, पण आधी आकड्यांचा अर्थ सांगतो. मी व्हिडिओच्या रंगांचंच काम करतो आणि हा स्लायडर अंदाजाने हलवताना मीही बरेच दिवस घालवलेत.

बाहेरून जोडलेल्या मॉनिटरवर ० म्हणजे ८० निट्स (निट हे स्क्रीनच्या उजेडाचं माप). पुढे प्रत्येक अंकाला ४ निट्स वाढतात, म्हणजे १०० वर ४८०. तुमच्या ५५ चे होतात ३०० निट्स. दिवे मालवलेल्या खोलीत ३०० निट्सचा सदरा खुपणारच! (लॅपटॉपच्या स्वतःच्या स्क्रीनला हे गणित लावू नका, तिथली व्यवस्था वेगळी आहे.)

स्लायडर लागतोच कशाला, तर एसडीआर व्हिडिओत पांढरा म्हणजे किती उजेड हे ठरलेलं नसतं. सिग्नल फक्त शंभर टक्के म्हणतो. ते शंभर टक्के किती, हे आजवर मॉनिटरचं बटण ठरवत आलं. एचडीआरचा सिग्नल (त्याच्या पद्धतीला पीक्यू म्हणतात) मात्र थेट निट्समध्ये बोलतो, अगदी १०,००० पर्यंत. दोन्ही एकाच स्क्रीनवर आले की साध्या व्हिडिओचा पांढरा कुठे बसवायचा हे कुणीतरी सांगावं लागतं. ते काम या स्लायडरचं. पीक्यूचे आकडे ठाम असतात, म्हणूनच बरेच मॉनिटर एचडीआरमध्ये आपलं बटण बंद करून टाकतात.

स्टुडिओत एसडीआर चित्र मंद उजेडाच्या खोलीत १०० निट्सचा पांढरा धरून तपासतात. तो येतो स्लायडरच्या ५ वर. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या) बीटी.२४०८ या अहवालात एचडीआर निर्मितीसाठी पांढऱ्याची संदर्भपातळी २०३ निट्स दिली आहे, ती साधारण ३१ वर येते. मी रात्री १० वर ठेवतो आणि दिवसा ३० वर. रात्री ५ वर मला स्वतःला चेहरे थोडे मंद वाटतात.

तुमच्या खोलीचा आकडा काढायला उपकरण लागत नाही. नेहमीच्या उजेडात स्क्रीनशेजारी कोरा कागद धरा आणि व्हिडिओतला पांढरा त्या कागदाच्या जवळपास येईपर्यंत स्लायडर हलवा. अगदी काळोखात कागदच दिसत नाही, तेव्हा सरळ १० धरा. स्क्रीन ओलेड असेल तर ही तुलना व्हिडिओच्या चित्रावरच करा. स्क्रीनभर पांढरं पान उघडलंत तर ओलेड आपणहून उजेड उतरवतो आणि तुमचा अंदाज चुकतो.

जुनीटेप
१० वर आणला. सदऱ्याच्या बाहीवरच्या चुण्या दिसायला लागल्या, फार बरं वाटलं! पण मागचा पडदा अजून राखाडीच आहे. उजेड कमी करूनही काळा काळा का होत नाही?

रंगजुळणी
कारण तो प्रश्न या स्लायडरचा नाहीच. स्लायडर सगळं चित्र एकाच प्रमाणात वरखाली करतो. काळ्याजवळच्या छटा किती उजळ दिसणार हे ठरतं गॅमावर, म्हणजे सिग्नलच्या कोणत्या पातळीला किती उजेड द्यायचा हे सांगणाऱ्या वक्रावर.

एचडीआर चालू असताना विंडोज साध्या चित्राला एसआरजीबी या संगणकी रंगमानकाचा वक्र लावते. एचडीआर बंद असताना तेच चित्र मॉनिटर स्वतःच्या गॅमाने दाखवतो, बहुधा २.२ ने. टीव्हीच्या चित्रासाठी बीटी.१८८६ हे मानक आहे, त्यात २.४. वरच्या छटांमध्ये हे वक्र जवळजवळ राहतात, फरक पडतो तो खाली. सिग्नल ५ टक्के असेल तिथे एसआरजीबी २.२ च्या जवळपास तिप्पट उजेड देतो, आणि २.४ च्या पाचपट. तुमचा पडदा नेमका त्या भागात आहे, त्यात जुन्या टेपचे दाणे. तेही उजळतात आणि काळ्यावर धुकं आल्यासारखं दिसतं.

म्हणून या टेपसाठी निशाचरांचाच उपाय धरा, फक्त एचडीआर बंद केल्यावर मॉनिटरचा ब्राइटनेस पुन्हा बसवून घ्या. फोनच्या कॅमेऱ्यात मॅन्युअल मोड लावून आयएसओ आणि शटर पक्के करा, म्हणजे कॅमेरा आपणहून उजेड बदलणार नाही. स्लायडर १० वर असताना सदऱ्याचा फोटो काढा, मग एचडीआर बंद करून तोच प्रसंग, तेवढ्याच अंतरावरून. दोन्ही फोटोंत सदरा सारखा येईपर्यंत मॉनिटरचं बटण फिरवा. आणि साध्या व्हिडिओचं आपोआप एचडीआर करणारी एखादी सोय ग्राफिक्स कार्डच्या सेटिंगमध्ये चालू असेल तर तीही बंद करा. मला ती जुन्या टेपवर कधीच आवडली नाही, चेहऱ्यांवर नसलेली चमक येते.

जुनीटेप
ती सोय चालूच होती! बंद केली. एचडीआर बंद करून मॉनिटर २८ वर ठेवल्यावर फोटो जुळले. आता पडदा काळा आहे आणि त्यावर फक्त दिवा आणि भाऊ दिसतो. आज रात्री त्याला दाखवणार आहे.