अरब देशांतल्या विद्यापीठांत गणिताचं पहिलं वर्ष सुधारायचं तर हात कुठे घालायचा? (चर्चा; समाकलन, उपपत्ती, चौथी मिती आणि ऋणसंख्या ही सहभागींची टोपणनावं.)

समाकलन:

अरब देशांतल्या उच्चशिक्षणाच्या सुधारणांचे प्रस्ताव वाचले की गणितापुरता साचा ठरलेला दिसतो: अमूर्त बीजगणिताचे तास कमी करा, डेटा सायन्स घाला, माध्यम इंग्रजी करा. हे तिन्ही करूनही पहिल्या वर्षाची गळती थांबेल असं वाटत नाही.

शाळेचा पाया कच्चा आहे, हे मान्य. २०१९च्या टिम्स या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत आठवीच्या गणितात (मापपट्टीचा मध्य ५००) मोरोक्को ३८८, सौदी अरेबिया ३९४, इजिप्त ४१३ आणि अमिरात ४७३. पण विद्यापीठ शाळा सुधारायची वाट बघत बसू शकत नाही. प्रश्न असा: मूल पहिल्याच सत्रात ॲनालिसिसमध्ये (सीमा, सांतत्य वगैरेंच्या काटेकोर गणितात) अडकतं ते अभ्यासक्रमामुळे, भाषेमुळे की परीक्षेमुळे? माग्रेब (मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशियाचा पश्चिम भाग) आणि मश्रिक (इजिप्तपासून पूर्वेकडचे अरब देश) यांना एकच औषध चालणार नाही, तेव्हा देशाचं नाव घेऊन लिहिलंत तर बरं.

उपपत्ती:

अभ्यासक्रम सगळ्यात शेवटी. अल्जीरियातला पहिल्या सत्राचा आराखडा फ्रान्समधल्या आराखड्याशेजारी ठेवला तर फरक भिंग घेऊन शोधावा लागेल. वास्तव संख्या, क्रमिका, सीमा, सांतत्य, विकलन. बीजगणितात संच, संबंध, आणि ग्रुप, रिंग, फील्ड या अमूर्त रचना. कागदावर काहीही कमी नाही.

भाषेचा सांधा मात्र निखळलेला आहे, आणि प्रत्येक देशात वेगळ्या जागी. मोरोक्कोत १९८०च्या दशकात शाळेतलं गणित अरबीत गेलं, विद्यापीठातलं फ्रेंचमध्येच राहिलं. २०१९च्या ५१-१७ क्रमांकाच्या कायद्याने शाळेतल्या विज्ञान विषयांसाठी फ्रेंचची वाट पुन्हा उघडली. ट्युनिशियात नववीपर्यंत अरबी, पुढे माध्यमिकला फ्रेंच. सीरियात विद्यापीठसुद्धा अरबीत. बरं, अरबीतही एकवाक्यता नाही. फलनाला (फंक्शनला) इजिप्त आणि माग्रेबमध्ये 'दाल्ला' म्हणतात, जॉर्डनमध्ये 'इक्तिरान', सीरियात 'ताबिअ'. बीजगणितातलं फील्ड शामकडे (सीरियाच्या आसपासच्या भागात) 'हक्ल', म्हणजे शेत. माग्रेबमध्ये 'जिस्म', म्हणजे शरीर, कारण तिथे फ्रेंच 'कोर'चं भाषांतर झालं. अरबी परिभाषा एकसारखी करायला रबातमध्ये १९६१ पासून समन्वय कार्यालय आहे, कोशही निघाले. पण वर्गातला शब्द कोशातून येत नाही, शाळेच्या पुस्तकातून येतो.

शब्दांपेक्षा चिन्हं जास्त छळतात. माग्रेबमध्ये मजकूर अरबी असला तरी सूत्र डावीकडून उजवीकडे, लॅटिन अक्षरांत. इजिप्तच्या अरबी माध्यमाच्या शाळेत एक्सच्या जागी 'सीन', वायच्या जागी 'साद', फलनासाठी 'दाल', साइनसाठी 'जा', आणि सगळं उजवीकडून डावीकडे. वर्गमूळ आणि अनेक पदांच्या बेरजेचं सिग्मा चिन्हही आरशातल्यासारखं उलटं. हे मूल इंग्रजी चिन्हांच्या वर्गात बसलं की पुढच्या चुका ठरलेल्या:

तिथलं शून्य म्हणजे टिंब, आणि पाच म्हणजे वाटोळं. (आपलं '०' त्यांना पाचासारखंच दिसेल.) दशांशासाठी ते स्वल्पविरामासारखं चिन्ह वापरतात. फळ्यावर घाईत ठसठशीत दशांश बिंदू दिला तर तीन पूर्णांक पाच दशांश हे तीनशे पाच वाचलं जाऊ शकतं. तिथला सहा आपल्या ओळखीच्या इंग्रजी सातासारखा दिसतो, तिथेही गफलत होते.

'पेक्षा लहान' हे चिन्ह कधीही आकाराच्या नावाने शिकवू नये, दिशा बदलली की आकार उलटतो. 'उघडी बाजू मोठ्याकडे' एवढंच सांगावं, ते दोन्हीकडे टिकतं.

तिसरी चूक मुलांची नाही, प्रश्नपत्रिका टाइप करणाऱ्याची. उजवीकडून सुरू होणाऱ्या अरबी परिच्छेदात इंग्रजी अंकांनी, मध्ये जागा सोडून, 'पाच वजा तीन' टाइप केलं की पडद्यावर आणि छापून 'तीन वजा पाच' येतं, कारण प्रत्येक संख्या स्वतंत्र तुकडा धरून तुकडे उजवीकडून मांडले जातात. सूत्र समीकरणाच्या चौकटीतच लिहावं, चौकटीची दिशा पक्की करावी, आणि छापील प्रत कुणाकडून तरी सोडवून घ्यावी. टाइप करणाऱ्याने स्वतः तपासून उपयोग नाही, त्याला मनातलंच दिसतं.

उपाय फार मोठा नाही. पहिल्या दोन आठवड्यांत चार तास फक्त वाचनाला: एकच व्याख्या दोन भाषांत आणि दोन्ही लिप्यांत मोठ्याने वाचायची, मग चिन्हं झाकून वाक्यात लिहायची. शंभरेक शब्दांची दुभाषी यादी, तीही त्या देशाच्या शाळेतल्या शब्दांची. कैरोची यादी दमास्कसला चालणार नाही.

चौथी मिती:

वरच्या प्रतिसादातलं चिन्हांचं सगळं मान्य. पण एकच गोष्ट बदलायची असेल तर मी परीक्षा धरेन. मूल ज्यासाठी गुण मिळतात तेच शिकतं. प्रश्न 'अमुक प्रमेय लिहा व सिद्ध करा' असा असेल तर ते सिद्धता पाठ करतं, आणि त्याला मूर्ख कोण म्हणेल? इजिप्तमध्ये 'मलाझिम', म्हणजे झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या नोट्स, त्यावरच उभ्या आहेत. शाळेच्या शेवटी होणाऱ्या सानविया आम्मा परीक्षेपासून तीच सवय लागलेली असते.

पाठांतराने न सुटणारा प्रश्न काढायला नवं गणित लागत नाही. क्रमिकेच्या सीमेची व्याख्या घ्या: 'प्रत्येक धन एप्सिलॉनसाठी असा एन मिळतो की एनपुढची सगळी पदं सीमेपासून एप्सिलॉनपेक्षा कमी अंतरावर राहतात'. आता पहिले दोन तुकडे उलटे लावा: 'असा एक एन आहे की प्रत्येक एप्सिलॉनसाठी…'. ही दुसरी अट कोणत्या क्रमिका पाळतात? उत्तर: ज्यांची पदं एका जागेपासून पुढे सीमेएवढीच राहतात त्याच. व्याख्या घोकणाऱ्याला हा फरक दिसतच नाही, समजलेल्याला तीन ओळी पुरतात. अशा प्रश्नांना पहिल्या वर्षी ३० टक्के गुण ठेवावेत. एकदम ७० ठेवले तर निकाल कोसळतो, तक्रारी वरपर्यंत जातात आणि पुढच्या सत्रात जुनी प्रश्नपत्रिका परत येते.

माग्रेबमधला दुसरा रोग म्हणजे भरपाई. एलएमडी, म्हणजे पदवी-मास्टर-डॉक्टरेट अशा तीन टप्प्यांच्या पद्धतीत (मोरोक्को २००३, अल्जीरिया २००४) उत्तीर्णतेची रेषा २० पैकी १० आणि विषयांची सरासरी धरली जाते. ॲनालिसिसमध्ये ५, सारख्याच वजनाच्या दुसऱ्या विषयात १५, सरासरी १०, मूल पुढे गेलं. पुढच्या सत्रातला ॲनालिसिसचा दुसरा भाग त्या ५ वर उभा राहतो. पायाच्या विषयांना, समजा, ७ची किमान अट घातली की त्याखाली भरपाई बंद. त्यामुळे 'रात्रापाज'ला, म्हणजे फेरपरीक्षेला, गर्दी वाढेल. तिच्याआधी दोन आठवड्यांचे सरावाचे तास लावले नाहीत तर तेच मूल तोच पेपर पुन्हा नापास होईल, दुसरं काही नाही.

ऋणसंख्या:

थोडी असहमती. भाषा आणि परीक्षा दोन्ही ठीक केल्या तरी वर्गात कोण बसलंय हा प्रश्न उरतोच. मोरोक्कोत बारावीच्या गणित शाखेतली सगळ्यात तयार मुलं पूर्वतयारी वर्गांत जातात आणि तिथून अभियांत्रिकीच्या स्पर्धा परीक्षांना. विज्ञान विद्याशाखेला दार सगळ्यांना उघडं. इजिप्तमध्ये 'तनसीक', म्हणजे गुणांनुसार होणारं केंद्रीय जागावाटप, चांगली मुलं अभियांत्रिकीकडे नेतं. अभ्यासक्रम मात्र अजून त्याच वरच्या थरासाठी लिहिल्यासारखा. उपपत्ती म्हणतात 'कागदावर काही कमी नाही'. माझ्या मते कागदावर जास्तच आहे. पहिल्या सत्रातून ग्रुप-रिंग-फील्ड काढून तिसऱ्यात न्यावं, आणि त्या जागी तर्क, संच आणि सिद्धता लिहिणं एवढंच ठेवावं.

ओमानचा मार्ग वेगळा आहे. तिथे २००८ पासून पायाभूत कार्यक्रमाचे राष्ट्रीय निकष आहेत: इंग्रजी, गणित, संगणक, अभ्यासकौशल्यं. कल्पना चांगली. धोका असा की पायाभूत वर्षातलं गणित म्हणजे सूत्रात आकडे घालणं एवढंच उरतं, आणि ज्याच्यासाठी ते वर्ष काढलं ती सिद्धतेची सवय लागतच नाही.

इंग्रजीबद्दल: अल्जीरियासारख्या ठिकाणी शाळा अरबीत, प्राध्यापकांचं शिक्षण फ्रेंचमध्ये. तिथे इंग्रजी माध्यम म्हणजे शिकवणारा आणि शिकणारा दोघंही तिसऱ्या भाषेत चाचपडणार. प्रवाही बोलता न येणारा शिक्षक स्लाइड वाचून दाखवतो. वर्गात प्रश्न विचारणं थांबतं, ते नुकसान मोजमापात येत नाही.

समाकलन:

सगळ्यांचे आभार. एक व्यावहारिक अडचण: माग्रेबमधल्या एखाद्या विभागात पहिल्या वर्षाला ६०० मुलं असतील तर चौथी मिती म्हणतात तसे प्रश्न तपासायचे कुणी आणि कधी?

चौथी मिती:

६०० मुलं म्हणजे साधारण ३५च्या १७ तुकड्या. 'टीडी'ची, म्हणजे सरावाच्या तासांची, व्यवस्था तिथे आहेच. ती कुजलेली आहे एवढंच. 'सेरी', म्हणजे उदाहरणांचा संच, वाटतात आणि शिक्षक फळ्यावर सोडवतो, मुलं उतरवतात. ते उलटं करा.

सेरीत सहा उदाहरणं, आठवडाभर आधी. तासाच्या सुरुवातीला सहांपैकी एक चिठ्ठीने निवडायचं, १५ मिनिटांत वही मिटून लिहायचं, तेवढंच तपासायचं. एका उत्तराला तीन मिनिटं धरली तर तुकडीला १०५ मिनिटं, १७ तुकड्यांना मिळून सुमारे ३० तास. दर पंधरवड्याला एकदा केलं तर डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांच्या मदतीने हे जमतं. गुणांकन चारच पायऱ्यांचं: कोरं, भरकटलेलं, कल्पना बरोबर पण सिद्धता अपुरी, पूर्ण. अर्ध्या गुणाची वाटाघाट सुरू झाली की वेळ तिथेच जातो.

हे मोडतं ते तीन ठिकाणी. सतराही तुकड्यांना एकच उदाहरण दिलं तर दुसऱ्या तुकडीपर्यंत उत्तर फोनवर पोचलेलं असतं. प्रत्येक तुकडीची चिठ्ठी वेगळी हवी. उत्तरपत्रिका दोन आठवड्यांनी परत केल्या तर मुलं त्या उघडतही नाहीत. पुढच्या तासालाच द्याव्यात. आणि तपासणाऱ्याला बढतीत याचं शून्य वजन असेल (बढती शोधनिबंधांवरच ठरते) तर दुसऱ्या सत्रात तपासणी बंद पडते. निदान तितके तास अध्यापनाच्या भारात धरायला लावा, आणि तेही पहिलं सत्र सुरू व्हायच्या आधी, लेखी.

उपपत्ती:

त्यात एक भर. पहिल्या आठवड्यात ४० मिनिटांची आठ प्रश्नांची चाचणी घ्या, गुण न मोजता: दोन अपूर्णांकांचे, दोन असमानतेचे (ऋण संख्येने भागायला लावणारे), दोन 'जर-तर' आणि त्याच्या व्यत्यासाचे, दोन फक्त वाक्य वाचून अर्थ सांगायचे. शेवटचे दोन अर्ध्या मुलांना अरबीत आणि अर्ध्यांना विद्यापीठाच्या भाषेत द्या. दोन्ही गटांच्या निकालात मोठा फरक पडला तर आधी भाषेचे तास लावा. फरक पडला नाही तर ऋणसंख्या यांचं खरं, सरळ पहिल्या सत्रातला मजकूर कमी करा.

अवांतर: दोन्ही गट चिठ्ठीनेच पाडा. बाकांच्या रांगेनुसार पाडले तर पुढे बसणारी मुलं एकाच गटात जातात आणि तुलना वाया जाते.