मदत हवी आहे: लाकडाच्या गॅसवर इंजिन टिकत नाही

खटपट्या:
गॅसिफायर (कमी हवेत लाकूड जाळून त्यातून जळणारा गॅस काढणारी भट्टी) स्वतः जोडलाय. नळीच्या तोंडाशी गॅस झकास पेटतो. पण पेट्रोल इंजिन लावलं की पंधरा मिनिटांत गचके देऊन बंद. उघडलं तर व्हॉल्व्ह डांबराने चिकटलेले. आज तिसऱ्यांदा साफ केले. फिल्टर कोणता लावू? लवकर सांगा, वैताग आलाय.

ठिणगी:
प्रकार कुठला? गॅस वरून काढताय की खालून? लाकूड किती वाळलेलं?

खटपट्या:
नेहमीचाच हो. ड्रम, खाली जाळी, वर झाकण. मी फिल्टर विचारलाय.

धूरकट:
पाण्याचा स्क्रबर, म्हणजे गॅस धुणारी टाकी, पुढे भुशाचा डबा. माझा चार वर्षं असाच चालतोय.

ठिणगी:
आणि ते काळं पाणी ओतता कुठे? फिनॉल असतात त्यात, विषारी रसायनं. डांबर आतच मोडायला हवं, नंतर गाळत बसणं म्हणजे नुसती मलमपट्टी.

धूरकट:
पुस्तकी लोकांशी वाद नको.

जुनेपाने:
दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा युरोपात लाखो गाड्या लाकडाच्या गॅसवर धावल्या. मागे टाकी लटकवलेल्या बसचे फोटो आहेत माझ्याकडे, टाकू का?

हिरवळ:
एवढा उपद्व्याप कशाला? सरळ बायोगॅस करा.

ठिणगी:
लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन बायोगॅस बनवणाऱ्या जिवाणूंना पचत नाही. शेण आणि लाकूड एका मापाने मोजू नका.

सावधान:
या गॅसमध्ये २० टक्क्यांच्या आसपास कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला वास नसतो. बंद जागेत नाही ना चालवत?

खटपट्या:
छे, शेडमध्ये. शटर अर्धं उघडं ठेवतो. आणि गॅस वरूनच निघतो. लाकूड महिन्याभरापूर्वी तोडलेलं.

सावधान:
आधी ते उघड्यावर आणा. बाकी सगळं नंतर.

ठिणगी:
अहो, हे आधी सांगायचं ना! तुमचा अपड्राफ्ट आहे. डांबराची वाफ निखाऱ्यांना न शिवता वरच्या वर निसटते. डाउनड्राफ्टमध्ये तीच वाफ ८०० ते १००० अंशांच्या निखाऱ्यांतून खाली ओढली जाते आणि तिथे मोडते. शिवाय ओल २० टक्क्यांच्या आत हवी. एक तुकडा तोला, १०५ अंशांवर वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा, पुन्हा तोला. किती पाणी उडालं ते इथे लिहा.

धूरकट:
माझा डाउनड्राफ्टच आहे. सांगायचं राहिलं.

ठिणगी:
🙏

खटपट्या:
म्हणजे ड्रम पुन्हा कापायचा? बरं, तोवर फिल्टर कोणता लावू?